यंदा आहेर गमतीचा

५ मार्च २००१, सोमवार. पेठ

लग्नसराई अंगावर आली. आज तीन बायका ब्लाऊज शिवायला आल्या, तिघींच्या हातात आहेरात आलेले पीस. आहेराचा पीस कुणाच्याच अंगाला होत नाही. बाही निघाली तर पाठ कमी पडते. तरी तो द्यायचा, घ्यायचा, कपाटात ठेवायचा आणि पुढच्या लग्नात पुढे ढकलायचा. आंबा रंगाचा एक तर माझ्या टेबलावर दुसऱ्यांदा आला. मागे एकीला कमी पडला म्हणून परत दिला होता, कडेला माझ्याच खडूची खूण. आज दुसऱ्याच बाईच्या पिशवीतून निघाला. मी माप घेतलं. धंदा आहे.

दुपारी माहेरून नानांचा फोन. आणे पठारावरच्या आमच्या वाडीची जत्रा चैत्री पुनवेला. "तू तर येतीसच. मंदीचं बघ काय त्ये. औंदा माज्या दोघी लेकी अंगणात दिसल्या पायजेत." वडलांचा आवाज बारीक झालाय. जत्रेला बोलावताना आधी असा नसायचा.

७ मार्च, बुधवार

मंदा चार वर्षं माहेरी गेलेली नाही. आठवलं की हसू येतं आणि मग लगेच जातं.

दादाच्या मुलीच्या, सुलीच्या लग्नात मंदाच्या सासूबाईंना आहेराची मोरपंखी साडी दिली. ती साडी मंदानंच आदल्या वर्षी भोसरीच्या स्वतःच्या घराच्या वास्तुशांतीला वहिनींना दिलेली. आणि दुकानात जाऊन ती पसंत केली होती खुद्द सासूबाईंनी. लग्नघरात साड्यांची गाठोडी, वहिनींना झोप नाही, हाताला येईल ती उचलली. आहेर फिरतो हे सगळ्या जगाला माहीत आहे. तो फिरून मूळच्या घरी जाऊ नये एवढंच बघायचं असतं.

सासूबाई मांडवात म्हणाल्या, "माजीच साडी. बरी जपून ठिवली व्हती." मंदा साडी घेऊन रडत दादाकडे गेली. दादा तेव्हा पंगतीच्या गडबडीत. चारचौघांत म्हणाला, "नको असंल तर ठिव तिथं. आमच्याकडं नेसाय मानसं हायेत." मंदानं साडी खुर्चीवर ठेवली आणि नवऱ्याला, सासूबाईंना घेऊन निघाली.

साडी चुकून गेली, ते वहिनींनी दुसऱ्याच दिवशी कबूल केलं. पण ते वाक्य दादाचं होतं. आणि माफी हा शब्द दुसऱ्यांनी वापरायचा असतो अशी त्याची समजूत आहे.

११ मार्च, रविवार

मंदाला फोन. आधी इकडचं तिकडचं. मग मी जत्रेचं काढलं.

"ताई, नानांसाठी मला यायचंय ग. पण आले की वैनी साडी काडणार, मी न्हाई म्हननार, परत त्येच. मला आहेर नको. द्यायचा बी न्हाई अन् घ्यायचा बी न्हाई."

"आणि आहेरच नसला तर?"

"लेकी जत्रंला आल्या अन् आहेर न्हाई, आसं कुटं आसतं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "यंदा आहेर गमतीचा. हसायला येईल अशी वस्तू. कापड नाही, भांडं नाही, पाकीट नाही."

मग म्हणाली, "दादा हसंल व्हय?"

ते मला तरी कुठे माहीत. पण नाही म्हणाली नाही. चार वर्षांत पहिल्यांदा.

१४ मार्च, बुधवार

मशीन चालवता चालवता दिवसभर तोच विचार. हसू येईल असं काय द्यायचं माणसाला? वहिनी किल्ल्या हरवतात, त्यांना किल्लीच्या जुडग्याला बांधायला बैलाचा घुंगूर. मंदाच्या नवऱ्याला, संपतरावांना, डोक्यावर चार केस, त्यांना कंगवा. आमच्या ह्यांना दुधी भोपळा. भाजी केली की ताटावरून उठतात.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आणि तुला काय द्यायचं? तोंडाला बटन?" बटन लावून देते म्हटलं, आधी स्वतःच्या शर्टाचं आणा.

एक भीती आहे. आपल्याकडे गंमत कमी आणि टोमणा जास्त. दिलेल्या वस्तूत माणूस आधी टोमणा शोधतो.

२६ मार्च, सोमवार. पाडवा

सकाळी घरची गुढी, मग माहेरी. सगळ्यांना योजना सांगितली. वहिनींचा जीव खालीवर. "वन्सं, लेकीला रिकाम्या हाती धाडायची? लोक श्यान घालतील तोंडात." नाना खूश. वाटीत चिठ्ठ्या टाकल्या, ज्याला जो येईल त्यानं त्याला द्यायचं. नाना नुसते घेणार, मी नुसती देणार. मंदा आणि संपतरावांच्या वतीनं नानांनी उचलल्या.

मला वहिनी आल्या. बरं झालं, घुंगूर तयारच आहे. मंदाला नाना आले. दादानं चिठ्ठी उघडली, वाचली, घडी करून खिशात घातली. कुणाची विचारलं तर म्हणाला, "मंदी."

मी म्हटलं, बदलून घेऊ या. दादा म्हणाला, "आली ती आली."

निघताना मला गाडीपर्यंत सोडायला आला. पठारावर ऊन मरणाचं, टँकरची वाट बघत हंड्यांची रांग. बराच वेळ चालला आणि मग अगदी गंभीरपणे विचारलं, "शैले, गमतीचं म्हंजे नेमकं कसं आसतं?"

मला हसू आलं. म्हटलं, तिला बघून हसू येईल असं काही तरी. तुला माहीत आहे की ती.

"हसू येईल," तो स्वतःशी म्हणाला. नांगरटीचं काम सांगितल्यासारखा चेहरा.

१ एप्रिल, रविवार

दादाचा फोन. हा स्वतः कधी करत नाही.

"दुकानातलं नको ना?"

"नको."

"मग झालं."

ठेवला. काय झालं ते सांगितलं नाही. वहिनींना विचारलं, त्यांनाही पत्ता नाही.

७ एप्रिल, शनिवार

नियम मी केला आणि मीच मोडला. वहिनींचा घुंगूर कागदात बांधला, हातात धरून बघितला, आणि लाज वाटली. त्या माउलीनं आई गेल्यावर दर जत्रेला माझी ओटी भरली आणि मी तिला बैलाचा घुंगूर देणार. बसल्या बैठकीला ब्लाऊज शिवला. माप तोंडपाठ आहे. चांगला मीटरचा पीस, आहेरातला नाही. घुंगराखाली ठेवला. माझ्या एकटीचंच आहे, कुणाला कळणार नाही.

८ एप्रिल, रविवार. माहेरी

मंदा आली. एसटीतून उतरली, संपतराव मागे पिशवी घेऊन. सासूबाई नाहीत. "त्या येत न्हाईत म्हनल्या," एवढंच. दादा ओट्यावर उभा होता.

"आलीस?"

"आले."

झालं. नाना मात्र तिचा हात धरून बसलेत, सोडतच नाहीत. नैवेद्याला जायचंय, पुरण व्हायचंय. बाकी उद्या-परवा.

१० एप्रिल, मंगळवार. पेठ

परत आले. काल लिहायला सवड नव्हती. आता सगळं लिहून ठेवते, नाही तर पुढे मीच तिखटमीठ लावून सांगेन.

काल दुपारी जेवणं झाली, अंगणात लिंबाखाली सतरंज्या टाकल्या. पहिला मान नानांचा. मंदानं त्यांना जत्रेतली पिपाणी दिली. "च्या मागायला. हाका मारून घसा बसतो तुमचा." नानांनी लगेच वाजवली. गोठ्यातली वासरं उठली. नाना हसून हसून खोकले. मंदाही हसली, मनापासून. मला वाटलं, जिंकलं.

मग वहिनींनी ह्यांना भोपळा दिला, फडक्यात बांधलेला. हे फडकं सोडतात तर भोपळ्याच्या पोटाशी टोपी-टॉवेल. वहिनी खाली बघत म्हणाल्या, "बोडका भोपळा कसा द्यावा?" ह्यांनी संपतरावांना कंगवा दिला, तो नव्या शर्टपीसच्या घडीत खोचलेला. मला म्हणाले होते, नुसता कंगवा घेतलाय. संपतरावांनी दादाला चाळणीचा चष्मा करून आणला होता, तारेचा. छान होता. आणि मागून पिशवीतून उपरणं निघालं. मग वहिनींनी घुंगूर सोडला आणि खालून माझा ब्लाऊज.

प्रत्येक वेळी हसणं थोडं कमी झालं. एकालाही धीर निघाला नव्हता. सगळ्यांनी गमतीच्या पोटात खरा आहेर दडवला होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकट्यानंच.

मंदानं नवऱ्याकडे बघितलं. उपरण्याचं त्यानं तिलाही सांगितलं नव्हतं. मग माझ्याकडे वळली. "ताई, तू सांगितलंस म्हनून मी नानांना निस्ती पिपाणी आणली. सगळ्यांनी केला आहेर. मी एकटीच रिकामी आले बापाकडं."

खरं होतं. नाना म्हणाले, "मला पिपाणीच पायजे व्हती." पण तिचे डोळे भरले होते. पदर सावरून उठायच्या बेतात होती, आणि मला कळलं की आता उठली तर परत येणार नाही.

तेवढ्यात दादा घरातून डालगं घेऊन आला. कोंबड्या झाकायची मोठी टोपली, वर पोतं. मंदाच्या पुढ्यात ठेवलं आणि बाजूला उभा राहिला, हात मागे बांधून.

मंदानं पोतं काढलं. आत गवतावर तांबडी कोंबडी, पिसं फुलवून दुप्पट झालेली. हात जवळ नेला तर टोच मारली.

"खुडूक हाय," दादा म्हणाला. "फाल्गुनापास्नं बसलीय. दाना टाकला तरी उठंना. पान्यात बुडवून काडली, परत जाऊन बसली. जवळ गेलं की अंगावर येती." थांबला. मग मंदाकडे न बघता म्हणाला, "शैली म्हनली, तुला बगून हसू यील आसं."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. संपतराव जमिनीकडे. हे माझ्याकडे बघायला लागले, जणू ही माझीच करणी. चार वर्षं रुसून बसलेल्या बहिणीला भर जत्रेत खुडूक कोंबडी. देवा, म्हटलं, ह्याला हसवायला कुणी सांगितलं होतं.

मंदा हसली नाही. तिनं कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. टोचा खात चाचपलं, एकदा, दोनदा. सगळ्यांच्या वस्तूंखाली काही ना काही निघालं होतं. इथे गवताशिवाय काही नव्हतं.

"हिच्याखाली काय न्हाई?"

"न्हाई," दादा म्हणाला. "कापड नको म्हनून ठरलं व्हतं."

अख्ख्या अंगणात नियम पाळणारे दोघंच निघाले. मंदानं मान वर केली आणि चार वर्षांनी दादाच्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"अंडी बी न्हाई ठिवलीस? खुडूक कोंबडी कुनी रिकामी बसवतं व्हय, दादा? आसली हट्टी आसती, पर अंडी घातली खाली की शानी व्हती. तू ठिवलीच न्हाईस. निस्ती बसवलीस."

आवाज शेवटी फाटला. ती कोंबडीबद्दल बोलत नव्हती हे कोंबडीलाही कळलं असेल.

दादा उभाच. मग वळला आणि घरात गेला. मला वाटलं, गेला, संपलं. तर बाहेर आला बोडक्या डोक्यानं. मी त्याला टोपीशिवाय अंघोळीच्या वेळीच पाहिलाय. टोपी दोन्ही हातांत उलटी धरलेली, आणि टोपीत अंडी. मंदासमोर उकिडवा बसला. तिनं कोंबडी उचलून धरली, ती ओरडली, फडफडली, आणि दादानं एकेक अंडं गवतात लावलं. कोंबडी खाली सोडली तेव्हा तिनं चोचीनं अंडी पोटाखाली ओढून घेतली आणि डोळे अर्धे मिटले.

"आता हलवता याची न्हाई," मंदा म्हणाली. "पिल्लं निघस्तवर हितंच राहू दी."

"राहील."

"माजी हाय ती पन."

"तुजीच."

मी रडले. आडोसा वगैरे केला नाही. नानांनी पिपाणी वाजवून चहा मागितला, म्हणून बरं झालं.

१७ एप्रिल, मंगळवार

मला टेलिफोन एक्स्चेंज करून टाकलंय. मंदा मला विचारते, बसलीय का कोंबडी? दादा मला विचारतो, मंदीचा काय फोन? वहिनी सांगतात, डालगं घरात घेतलंय, ऊन लागतं म्हणून. पाण्याची वाटी दादा स्वतः ठेवतो आणि टँकरचं पाणी कोंबडीला पुरतं का बघतो. आणि पठाराखाली बिबट्या फिरतोय, म्हणून रात्री दाराला आतून दगड.

इकडे अठरा ब्लाऊज पडलेत. मंदाला चांगलं झापलं. म्हटलं, कोंबडी तुझी, फोन तुझा, नंबर तुला पाठ आहे.

१९ एप्रिल, गुरुवार

मंदानं केला फोन. तिच्याच तोंडून:

"दादानं उचलला. मी म्हनलं, बसलीय का. त्यो म्हनला, बसलीय. मी म्हनलं, बरं. मग ठिवला."

मी विचारलं, एवढंच?

"एवढंच. पन ताई, पयला त्यानं न्हाई ठिवला."

२५ एप्रिल, बुधवार

एक गोष्ट मला टोचत होती. आज मंदानंच काढली. ती स्वतः विसरायला तयार आहे, पण सासूबाईंचं काय? मांडवात हसं त्यांचं झालं होतं. जत्रेहून परत गेल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तुजा भाऊ काय म्हनला माज्याबद्दल?" मंदा काय सांगणार? दादा काहीच म्हणाला नव्हता.

"मी माहेरी जाईन येईन," मंदा म्हणाली. "पन त्यो माझ्या दारात आला न्हाई तर ह्या घरात माझी मान खालीच रानार."

हे मी दादाला सांगितलं. शब्द न शब्द. ऐकून घेतलं. "हं," म्हणाला.

१ मे, मंगळवार

पिल्लं निघाली. वहिनींचा फोन, आवाजात पेढे. काही अंडी नासली, बाकीची सगळी फुटली. एक काळं, बाकी पिवळी. दादा सकाळपासून जमिनीवर बसून तांदळाची कणी टाकतोय. नाना पिपाणी वाजवतात आणि पिल्लं आईखाली पळतात, तेवढाच दिवसभर खेळ.

मंदाला कळवलं. हसली. मग विचारलं, "आनून देनार हाय का मी न्यायला येऊ?" मला माहीत नव्हतं. खोटं बोलवेना. माहीत नाही म्हटलं.

४ मे, शुक्रवार

सकाळी दुकान उघडायला गेले तर दादा पायरीवर. परीटघडीचा सदरा. शेजारी डालगं, फडक्यानं तोंड बांधलेलं, आत चिवचिव. आळेफाट्याहून सरळ भोसरीला गेला असता, पण मधेच पेठेला उतरला. का ते मी विचारलं नाही. चहा केला. त्यानं बशीत ओतला आणि नुसता बघत बसला.

"शैले, म्हातारी दारातच आसंल. काय म्हनू?"

"चुकलं म्हण."

"त्ये मंदीला म्हनायचंय. म्हातारीला येगळं काय तरी लागंल."

"दोघींना तेच लागेल, दादा."

कपाटातून चांगली साडी काढली, कोरी, हिरवी. म्हटलं, ही ने, सासूबाईंना दे. त्यानं साडीला हात लावला, काठ बघितला, आणि परत माझ्याकडे सरकवली. "न्हाई. कापडानंच घोटाळा झाला. आता त्याच्याआड लपत न्हाई."

मी साडी कपाटात ठेवली. इतकी वर्षं ह्या भावाला दगड म्हणत आले.

स्टँडवर सोडायला गेले. कंडक्टर म्हणाला, कोंबडीचं अर्धं तिकीट. दादानं विचारलं, "अन् पिल्लांचं?" खरंच विचारत होता. कंडक्टर हसला, मागची दोन माणसं हसली, दादाला कळेना काय झालं. खिडकीशी जागा मिळाली. डालगं मांडीवर.

गाडी सुरू झाली तेव्हा त्याचे ओठ हलताना दिसले. मला काही सांगतोय वाटून खिडकीजवळ गेले. तो माझ्याकडे बघत नव्हता. डालग्याकडे बघून हळू म्हणत होता, "चुकलं माजं." थांबायचा, मान हलवायचा, परत म्हणायचा, जरा वेगळ्या आवाजात. मी हात केला, त्याला दिसला नाही. गाडी गेली.

दुपारपासून फोनशेजारी हुक लावत बसलेय. एका ब्लाऊजचे हुक उलटे लावले, उसवले. एव्हाना पोचला असणार. पोचून चहा झाला असणार. किंवा दारातूनच.

आत्ता वाजला. धावले. नाना होते.

"पोचला का त्यो?"

"कळलं नाही अजून."

त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि ठेवून द्यावंसं दोघांनाही वाटेना. शेवटी मीच म्हटलं, नाना, ठेवा आता, मंदाचा आला तर लागायचा नाही.